सातेरी बॉईजचा नवस

देवळात गाऱ्हाणे चालू असताना माणसाचे लक्ष गाऱ्हाण्यात असावे, बाहेर काढून ठेवलेल्या चपलांत असू नये. माझे चपलांत होते. चपला नव्या होत्या आणि वाड्यावरचे कुत्रे त्यांच्याकडे बघत होते. शेवटी चपला वाचल्या आणि मी सापडलो.

आमच्या वाड्याची फुटबॉलची टीम आहे, सातेरी बॉईज. पेडण्यात मोपा सड्याच्या पायथ्याला आमचा वाडा, वर सड्यावर मैदान, मधल्या उतारावर काजूची झाडे. मैदान जांभ्या दगडाचे. त्यावर पडलेला खेळाडू उठतो तेव्हा गुडघ्याची थोडी कातडी तिथेच ठेवून उठतो. टीम तशी वाईट नाही. मुले वेळेवर येतात, पंचांना उलट बोलत नाहीत, समोरच्या टीमला प्यायला पाणी देतात. फक्त जिंकत नाहीत. कॅप्टन साईश हा आमचा गोल मारणारा. त्याच्या पायात एवढी ताकद आहे की चेंडू गोलपोस्टवरून जातो, काजूंवरून जातो आणि थेट खाली देवळाच्या अंगणात पडतो. सातेरीच्या दारात आमच्या टीमने जेवढे चेंडू वाहिले तेवढे नारळही कोणी वाहिले नसतील.

या टीमचा मी एकुलता एक कायमचा प्रेक्षक. बाकीचे येतात, पण पहिला गोल बसला की "गुरां बांदूची हत" म्हणून उठतात. ज्यांच्याकडे गुरे नाहीत तेही त्याच कारणाने उठतात. मी बसून राहतो. तालुक्याच्या एका कचेरीत मी हेड क्लार्क आहे. काहीही घडत नसताना खुर्चीत बसून राहण्याचा मला सराव आहे. पण खरे सांगायचे तर मला एकच गोष्ट हवी होती. सातेरी बॉईज जिंकताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचे होते. एकदा बघू द्या, मग जन्मभर हरोत.

गणपतीची चवथ झाली, पाऊस ओसरला, फुटबॉलचे दिवस जवळ आले, तेव्हा मीच म्हटले की यंदा देवीला नारळ ठेवू. तेवढीच माझी योजना. नारळ ठेवायचा, प्रसाद खायचा, घरी यायचे. बाबली गुरव गाऱ्हाणे घालायला उभा राहिला. बाबलीचा आवाज असा की सड्यावर चरणारी गुरेही मान वर करतात. मागे अकरा मुले, त्यांच्यामागे मी.

"बा देवी सातेरी म्हाराजा," बाबलीने सुरुवात केली, "आज ही जी काय तुझी पोरां तुझ्या पायाकडे येवन उबी रवली हत, त्यांची सेवा मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"जो काय गोल दुसऱ्याच्या जाळ्यात जावचो, तो आपल्याच जाळ्यात जाता हा, त्याचो बंदोबस्त कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

याच वेळी कुत्रे चपलांच्या आणखी जवळ सरकले. बाबली काहीतरी म्हणाला. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, मीही म्हणालो. उलट माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, कारण त्याच दमात मला कुत्र्यालाही हाकलायचे होते.

बाहेर आल्यावर साईशने माझ्या पायाला हात लावला. "भाऊ, तुमी आमच्यासाठी मोठा केलात."

"काय केले?"

तेव्हा कळले. बाबली म्हणाला होता की हा जो काय अशोकभाऊ, तो पोरे जिंकेपर्यंत एकही मॅच चुकवणार नाही, आणि चुकवली तर तू बघून घे म्हाराजा. मी त्याला बाजूला घेतले. हे माझ्या नावावर का घातलेस, म्हणून विचारले.

"नवसाक मानूस लागता, भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "पोरांचो काय भरवसो? आज हत, उद्या बोटीच्या नोकरेक शिपीर जातली. तुमी खंय जावचे नाय."

"अरे पण मी ऐकलेच नव्हते."

"देवीन आयकला."

यावर अपील नव्हते.

घरी उषाला सांगितले. आमच्या लग्नाला बरीच वर्षे झाली आहेत, त्यामुळे ती चिडली नाही. एवढेच म्हणाली, "माझ्यासाठी कधी एवढ्या मोठ्याने हो म्हटलं नाहीत."

आता अडचण अशी की सामने काही सगळे रविवारी नसतात. मी रजेचा अर्ज केला आणि कारणाच्या जागी 'धार्मिक' असे लिहिले. साहेबांनी बोलावून घेतले. धार्मिक म्हणजे काय, सत्यनारायण की श्राद्ध? मी म्हटले, नवसपूर्ती. साहेब सज्जन, त्यांनी पेन उघडले आणि पूर्ती साधारण कधी होईल ते विचारले. मी सांगितले, सातेरी बॉईज जिंकले की. साहेब पेडण्याचेच. त्यांनी पेन बंद केले. म्हणाले, "अशोकराव, ह्याला रजा म्हणत नाहीत, ह्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात."

शेवटी अर्ध्या अर्ध्या दिवसांच्या रजा जोडून मी नवस चालवू लागलो. माझा अर्धा दिवस मैदानावर जाई आणि उरलेला अर्धा कचेरीत लोकांना स्कोअर सांगण्यात जाई. स्कोअर आनंदाचा नसे. पूर्वी निदान हरलो की मला कोणी विचारत नसे. आता मी नवसाचा माणूस झालो होतो, त्यामुळे हरल्याचा जाब मला द्यावा लागे. पोदेर सकाळी पाव देताना विचारी, "भाऊ, काल कितले घातले?" त्याच्या सायकलीचा पों-पों ऐकू आला की मी न्हाणीघरात जाऊ लागलो.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या घराला लागून संदीपचे चहाचे हॉटेल. संदीपला फुटबॉल कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो आणि मग तासभर फुटबॉलवर बोलतो. त्याचे म्हणणे असे की दोष खेळात नाही, माझ्या बसण्यात आहे. मी पश्चिमेकडे तोंड करून बसतो. पुढच्या सामन्याला मी पूर्वेकडे तोंड करून बसलो आणि चार गोल खाल्ले. मग त्याने शर्ट बदलायला सांगितला. मग शर्ट अजिबात बदलू नये असे सांगितले. या दुसऱ्या सल्ल्यानंतर आमच्या बाजूला बसणारे उरलेसुरले दोघे-तिघेही उठून पलीकडे गेले. कोणीतरी गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधली. पंचांनी ती काढायला लावली. आमचा गोलकीपर मिरची काढून त्याच हाताने डोळे पुसून बसला आणि पुढचे दोन गोल त्याने पाहिलेच नाहीत.

शेवटी संदीप म्हणाला, "भाऊ, तुमी आपल्या गोलाच्या फाटल्यान बसा. पोरांक आधार वाटतलो."

हे मला पटले. घरची लाल प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन मी सड्यावर चढलो आणि आमच्या गोलपोस्टच्या बाजूला, रेषेबाहेर बसलो. निदान मला ती बाहेर वाटली. चुन्याची रेषा वाऱ्याने उडाली होती. समोरच्यांनी मारलेला चेंडू बाहेर चालला होता. तो माझ्या खुर्चीच्या पायाला लागून परत फिरला आणि त्यांच्या पोराने आत ढकलला. आमचे कोच अविनाश सर, शाळेत पीटी शिकवतात, ते पंचांकडे धावले. चेंडू बाहेरच्या खुर्चीला लागला, असे त्यांचे म्हणणे. पंचांनी वाकून रेषा शोधली, खुर्चीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि निकाल दिला. चेंडू बाहेर गेलाच नव्हता. खुर्चीच आत होती.

एवढ्या वर्षांच्या निष्ठेत मी टीमसाठी मैदानावर केलेली ही एकमेव कामगिरी, आणि ती विरुद्ध टीमच्या खात्यात जमा झाली. त्या दिवशी कोणी मला दोष दिला नाही. साईश तर स्वतः खुर्ची उचलून घरापर्यंत आला. पण मुले माझ्याकडे बघताना आधी खुर्चीकडे बघू लागली होती, हे माझ्या लक्षात आले.

मग तालुक्यातली खुली स्पर्धा आली. गटात तीन सामने. पहिला सामना नेमका ज्या दुपारी, त्याच दुपारी आमची गौरवी बेंगळुरूला जायची होती. एकुलती एक मुलगी, पहिली नोकरी, जन्मात पहिल्यांदा विमान. विमानतळ म्हणजे आमच्या डोक्यावर. वाड्यावरून विमानाची चाके दिसतात. पण तिथे पोहोचायला रस्ता असा फिरून जातो की मध्येच उतरून सामना बघणे शक्य नव्हते. मी तसा हिशेब मांडून बघितला होता, हे उषाने ओळखले आणि ती फक्त "हं" म्हणाली.

मी बाबलीकडे गेलो. नवस मोडल्यासारखे होईल का, म्हणून विचारले.

बाबली देवळाची पायरी झाडत होता. "देवी म्हंजे आयच मरे," तो म्हणाला. "लेकीक पोचवूक गेलो म्हणान ती रागावची नाय. एक नारळ जास्त ठेवा."

गौरवीला सोडायला गेलो. विमानतळावर आत जाऊ देत नाहीत. काचेपलीकडे ती, अलीकडे आम्ही. ती रांगेत उभी राहून हात हलवत होती. एवढ्यात खिशातला फोन वाजला. संदीप ओरडत होता. मागे ढोलासारखे काहीतरी वाजत होते, बहुतेक त्याच्याच हॉटेलातली पातेली.

"भाऊ, जिकले! एक शून्य! साईशान घातलो, सरळ, गोलात!"

मला रडू कोसळले. अगदी हुंदके देऊन. काचेपलीकडून गौरवीने ते पाहिले आणि तीही रडू लागली. तिला रडताना पाहून उषा रडू लागली. दारावरच्या जवानाने मला स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, अंकल, बेंगलोर पास ही है. मी मान हलवली.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "बाबा, विमान लेट आहे. आणि साईशचा मेसेज आला. तुम्ही कशासाठी रडत होता ते कळलं मला."

"दोन्हीसाठी ग," मी म्हटले.

"किती टक्के?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती हसली आणि म्हणाली, "तुम्हाला बघायला मिळाला नाही ना?" तेव्हा मात्र मी जे रडलो ते माझ्यासाठी. कधीपासून त्या दगडावर बसून होतो, उन्हात, वाऱ्यात, खुर्ची डोक्यावर घेऊन, आणि ज्या दिवशी ते घडले त्या दिवशी मी विमानतळाच्या दारात होतो. अजून आठवले की जीव हळहळतो. साईशचा तो गोल वाड्यावर सगळ्यांनी पाहिला आहे. संदीप तर तो रोज चहाबरोबर सांगतो, आणि दर वेळी चेंडू थोडा जास्त लांबून येतो.

दुसऱ्या सामन्याला मी अर्थातच गेलो. नवस फिटला होता, आता हौसेने गेलो. डिचोलीची टीम होती. पाच शून्यने हरलो.

त्या संध्याकाळी संदीपच्या हॉटेलात मी शिरलो तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. समोर कपबशा आणि मध्ये बाबली. मी बसलो. शेवटी संदीपने घसा साफ केला.

"भाऊ, वायट वाटून घेव नका. तुमी इल्यात तेव्हा आमी हरलो. इल्यात नाय तेव्हा जिकलो."

"एकदाच."

"जिकलो पण एकदाच मरे."

मी साईशकडे पाहिले. तो खाली बघून बशीतला चहा ढवळत होता, चमचा नसताना, बोटाने. म्हणाला, "माका तसा वाटना नाय, भाऊ. पण पोरांच्या मनात इला हा. तिसरी मॅच जिकलो तर आमी फुडे जातलो."

"तर देवीक इचारूया," बाबली म्हणाला. "ती सांगतली ता खरा."

म्हणजे मी पनवती आहे की नाही, हे आता देवी ठरवणार होती. कचेरीत माझ्यावर दोनदा चौकशी बसली आहे, दोन्ही वेळा मी निर्दोष सुटलो. पण तिथे निदान म्हणणे मांडायला मिळते.

सामन्याच्या दिवशी सकाळी सगळा वाडा देवळात. आमच्याकडे कौल घेतात तो पाकळ्यांचा. फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला लावतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबलीने पाकळ्या लावल्या. "बा देवी म्हाराजा, हो जो काय अशोकभाऊ, तो आज मॅच बघूक इलो तर चलात काय, उजवी दी, नाय तर डावी दी म्हाराजा."

यावेळी मी नीट ऐकत होतो. चपला घरीच ठेवून आलो होतो.

कोणतीच पाकळी पडेना. बाबलीने पुन्हा सांगणे घातले. लोकांनी पाय बदलले. समईतले तेल संपत आले, उषाने ते घातले. वरून विमान गेले, देऊळ थरथरले, तरी पाकळी हलली नाही. एरवी बैल हरवला तरी चटकन उत्तर देणारी देवी, माझ्या बाबतीत गप्प. मुले बूट घालून उभी, दुसरी टीम सड्यावर पोहोचल्याचे कोणीतरी येऊन सांगितले. साईश एकदा पाकळ्यांकडे बघे, एकदा माझ्याकडे. त्याच्या कपाळावर घाम होता. मुलगा खेळायला निघालाय की माझ्या निकालाला उभा आहे, कळत नव्हते. मला ते बघवेना.

"देवी म्हाराजा," मी मोठ्याने म्हटले, "मी जात नाही. तू त्रास घेऊ नकोस."

आणि उजवी पाकळी पडली.

"देवीन मान्य केला," बाबली म्हणाला.

"पण प्रश्न 'इलो तर चलात काय' असो होतो," संदीप म्हणाला. "उजवी म्हंजे येवंदे."

"ता भाऊंच्या बोलण्याक उजवी."

"तू इचारलंस ता आधी."

वाद रंगला. पण मुलांना वेळ नव्हता. ती माझ्या पाया पडून सड्याकडे धावली, त्यांच्यामागे वाडा गेला, वाद घालत घालत बाबली आणि संदीपही गेले. उषा म्हणाली, "मी बसू?" मी म्हटले, तू जा, निदान एकाने बघावे. ती लाल खुर्ची न घेता गेली.

मी मंडपात एकटा बसलो. वरून शिट्टी ऐकू आली. मला दिसत काही नव्हते, पण सगळे कळत होते. "सोड, सोड" म्हणजे अविनाश सर. लांबट "आरे" म्हणजे साईशला पास मिळाला. मग क्षणभर शांतता आणि मग काजूच्या पानांतून सळसळ. चेंडू धपकन अंगणात पडला आणि माझ्या पायापाशी येऊन थांबला.

"भाऊ, बॉल!" वरून कोणीतरी ओरडले.

मी तो उचलून काजूंतून वर चढलो, शेवटच्या झाडापर्यंत. तिथून चार पावलांवर मैदान. मी मान खाली घातली, चेंडू वर लोटला आणि पाठ करून खाली आलो. अशा पुष्कळ फेऱ्या झाल्या. धाप लागली. किती झाले, हे मी एकदाही विचारले नाही. मग एक मोठी आरोळी उठली. आमच्या लोकांची होती की त्यांची, ते मात्र मला कळले नाही. त्यानंतर चेंडू आला नाही.

उतारावरून पहिला साईश आला. गुडघा फुटलेला, बूट हातात. तो माझ्या शेजारी पायरीवर बसला.

"हरलो, भाऊ. शेवटाक एक घातलो तेंनी."

आणि मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. म्हणजे मी नव्हतो. माझ्यामुळे नव्हते. मी एवढा हलका झालो की उठून बाबलीच्या दारात जाऊन हे सांगावे असे वाटले. मग मी शेजारी पाहिले. साईश रडत नव्हता, फक्त गुडघ्यातले खडे एकेक करून काढत होता. सातेरी बॉईज हरले आणि मी मनातून नाचलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ज्यांची गुरे बांधायची असतात त्यांनीही कधी हे केले नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लगेच काढला; तिथे ठेवायचा मला हक्क वाटेना.

"चेंडू तुमीच वयर टाकी होतात मां?" त्याने विचारले.

"हो."

"माका कळत होता. म्हणान मी आज जास्तच वयर मारलंय." तो कसनुसा हसला. मग म्हणाला, "फुडच्या आयतवारी कोरगावात फ्रेंडली आसा. पोरां काय म्हणूची नाय आता. तुमी येतलात मां?"

कुत्रे कुठे दिसत नव्हते. चपला पायात होत्या. त्याने काय विचारले ते मी यावेळी शब्दन् शब्द ऐकले होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटले.